बून काउंटीचा कारभार: दप्तर तपासणी आणि शेरा

आधी गुण सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायची सक्ती नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बून काउंटी आहे, तिच्या कारभाराला माझ्याकडून दहापैकी साडेसात. आमच्या भागातल्या कारभाराला किती, ते विचारू नका. पेन्शन चालू आहे.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, पंचायत विभागाचा. नोकरीभर ग्रामपंचायतींची दप्तरं तपासली. कीर्द उघडायची, पावतीपुस्तकाशी ताळा घालायचा, ठरावाला सूचक-अनुमोदक आहेत की नुसत्याच सह्या आहेत ते बघायचं, घरपट्टीची थकबाकी काढायची आणि शेवटी शेरेबुकात शेरा लिहायचा. आता सावद्याजवळ आमच्या गावी केळी बघतो. मुलगी तिथल्या एम्स नावाच्या गावातल्या विद्यापीठात नोकरीला आहे, पण घर त्यांनी शेजारच्या बून काउंटीत घेतलं, तिथं जरा स्वस्त मिळालं म्हणून. २०२५ चा उन्हाळा आम्ही दोघांनी तिच्याकडं काढला. भुसावळकडचा ४५ अंशांचा मे चुकला, एवढ्यावरच आमची मंडळी खूश होती. लोक अमेरिकेत जाऊन नायगारा बघतात. मी कोर्टहाऊस बघितलं, तिथली नोटीस बोर्डं वाचली, जावईबापूंना शंभर प्रश्न विचारून भंडावलं. पोर म्हणाली, "पप्पा, इथं तुम्हाला कोणी तपासणीला बोलावलेलं नाही." खरं आहे. पण सवय जात नाही.

काउंटी म्हणजे काय, हा प्रश्न परत आल्यावर पानटपरीवर पहिला आला. तालुका म्हणा किंवा छोटा जिल्हा म्हणा, दोन्हीही पुरतं बसत नाही. आयोवात अशा ९९ काउंटी आहेत. बूनचं क्षेत्र पावणेसहाशे चौरस मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोन तालुके जोडावेत एवढं. आणि माणसं? २०२० च्या जनगणनेत २६ हजार ७०० च्या घरात. आपल्याकडं एवढी एका नगरपालिकेत असतात. जळगाव जिल्हा २०११ लाच ४२ लाखांवर गेला होता. तेव्हा तिथला कारभार आणि इथला कारभार एका तराजूत घालताना हा फरक आधी वजा करायचा. तिथल्या खिडकीवर रांग नाही, यात खिडकीमागच्या माणसाचं कौतुक निम्मंच. उरलेलं निम्मं रांगेत उभं राहायला माणसंच नसण्याचं.

जमीन काळी, सपाट, मधून डेमॉइन नदी. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. दोन महिन्यांत डोळे कंटाळतात. आपल्या केळीच्या बागेत निदान पिलबाग, कांदेबाग, मृगबाग असे वेगवेगळ्या वयाचे हिरवे दिसतात. तिथं नजर जाईल तिथपर्यंत एकाच दिवशी पेरल्यासारखं. राज्यात सरासरी शेती ३४५ एकरांची. आपल्याकडं सरासरी साडेतीन एकरांच्याही आत. हा आकडा सांगितला तेव्हा आमचे आप्पा म्हणाले, "मंग त्याहीच्या पोरायच्या वाटण्या कशा व्हतीन?" वाटण्या होतच नाहीत, एक पोरगं शेती करतं आणि बाकीचे शहरात जातात, हे सांगितल्यावर टपरीवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग चहा आला.

आता कारभार. तिथं तीन सुपरवायझर निवडून येतात. सुपरवायझर म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढं अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका येतात, तसं नाही. काउंटीचं जे मंडळ आहे ते या तिघांचं: अंदाजपत्रक त्यांचं, रस्ते त्यांचे, जमिनीच्या वापराचे नियम त्यांचे. पण खरी गंमत तिघांच्या पलीकडं आहे. ट्रेझरर, म्हणजे कोषागार आणि आरटीओची खिडकी एकत्र, तो निवडून येतो. रेकॉर्डर, म्हणजे आपला दुय्यम निबंधक, तोही निवडून येतो. ऑडिटर नावाचा माणूस मंडळाचा सचिव, हिशोबनीस आणि निवडणूक अधिकारी असा तिहेरी असतो, तोही निवडून. सरकारी वकील निवडून. आणि शेरीफ, म्हणजे फौजदार म्हणा, तोही मतं मागून येतो. यावर टपरीवर जे काही विनोद झाले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

जमिनीची आकारणी करणारा असेसर मात्र निवडून येत नाही. त्याला सुपरवायझर, गावांचे महापौर आणि शाळामंडळांचे प्रतिनिधी मिळून नेमतात. हे मला पटलं. तुमच्या घराची किंमत ठरवणारा माणूस दर चार वर्षांनी तुमच्याच दारात मत मागायला येऊ लागला तर आकारणीचं काय होईल, हे मी ग्रामपंचायतीच्या कर आकारणी समितीत बसून पाहिलेलं आहे. सरपंचाच्या भावकीची माडी तिथं कागदावर मातीची असते.

खिडकीचा अनुभव एकच, पण पुरा सांगतो. जावईबापूंनी जुनी गाडी घेतली होती, ती नावावर करायला ट्रेझररच्या कचेरीत गेलो. विकणाऱ्यानं सही केलेला मालकीचा कागद आणि कर भरायला चेकबुक, एवढंच बरोबर होतं. बाईंनी कागद बघितला, दोन प्रश्न विचारले, पैसे घेतले आणि खालच्या कप्प्यातून दोन नंबरप्लेटा काढून हातात दिल्या. तिथल्या तिथं. मी विचारलं, "एजंट कुठं बसतात?" जावयांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्या प्लेटवर खाली काउंटीचं नाव छापलेलं असतं, "बून" म्हणून; म्हणजे आयोवात कुठंही गाडी दिसली की माणूस कोणत्या काउंटीचा ते कळतं. या प्लेटा राज्याच्या अॅनामोसा इथल्या तुरुंगात कैदी बनवतात. ही माहिती मला इतकी आवडली की मी ती तीन जणांना फोन करून सांगितली.

आता ज्यासाठी हा शेरा लिहायला बसलो तो मुद्दा. मार्चअखेर आम्ही पोचलो तेव्हा टपालात एक कागद आलेला होता. साधा, करड्या छपाईचा, आपल्या वीजबिलासारखा रुक्ष. २०२३ च्या एका राज्य कायद्यामुळं आता दरवर्षी मार्चमध्ये काउंटीचा ऑडिटर तो प्रत्येक करदात्याच्या घरी टपालानं पाठवतो. त्यावर काउंटी, शहर आणि शाळा या प्रत्येकाची वेगळी ओळ. यंदा किती कर घेतला, पुढच्या वर्षी किती घ्यायचा विचार आहे, एका ठरावीक किमतीच्या घरावर त्यानं किती फरक पडेल, वाढ करायची असेल तर कारण काय, आणि सुनावणी कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या खोलीत. कर ठरण्याच्या आधी. ठरल्यानंतर नव्हे.

मी तो कागद उजेडात धरून दोनदा वाचला. नोकरीत मी शेकडो ग्रामपंचायतींची अंदाजपत्रकं तपासली असतील, पण अंदाजपत्रक मंजूर व्हायच्या आधी ते कुणाच्या घरी गेलेलं मला आठवत नाही. कायद्यात ग्रामसभेपुढं ठेवायचं असतं. ठेवतात. कोरम नसला की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

सगळा फरक इथंच आहे असं माझं मत झालं, आणि ते मत मी टपरीवर मांडल्यावर भांडणही झालं. तिथला शेतकरी जमिनीवर कर भरतो आणि तो टोचेल एवढा भरतो. वर्षाचा कर दोन हप्त्यांत: अर्धा सप्टेंबरअखेर, अर्धा मार्चअखेर. त्या करातून सगळ्यात मोठा हिस्सा शाळांना जातो, मग काउंटी, मग बाकीचे. शेजारी एक म्हातारे मकावाले शेतकरी राहतात, त्यांना आपल्या एका तुकड्याचा कर तोंडपाठ होता, जसा आपल्याला केळीचा आजचा भाव असतो. पैसा खिशातून गेला की माणूस त्याच्या मागं जातो. आपल्याकडं शेतसारा किती भरता हे विचारा कुणाला, आठवणारही नाही. घरपट्टी वसुली निवडणुकीच्या वर्षी होत नाही आणि दाखला हवा असला की होते. ग्रामपंचायतीत पैसा येतो तो वरून, वित्त आयोगाचा. वरून आलेल्या पैशाचा हिशोब वरच्यालाच द्यायचा असतो. म्हणून माझ्यासारखा एक माणूस मोटारसायकलवर येऊन कीर्द तपासून जायचा आणि गाव त्याला चहा पाजायचं.

आमचे नाना यावर उखडले. म्हणाले, "मंग काय आमी एकरी हजारो रुपये पट्टी भरू का? केयीला भाव नाही, अन् तू कर वाढवायले सांगू रायला?" नानांचंही बरोबर आहे. आयोवातल्या एकराची सरासरी किंमत २०२४ मध्ये ११ हजार ४६७ डॉलर होती, विद्यापीठ दरवर्षी पाहणी करून आकडा काढतं. आणि एकेकाकडं तीनशे-चारशे एकर. दोन एकरांच्या केळीवाल्यावर तो कर बसवला तर तो सातबारा टेबलावर ठेवून निघून जाईल. मी कर वाढवा म्हणत नाही. मी म्हणतो, हिशोब विचारायची सवय कुठून आली ते बघा.

सवयीचा दुसरा पुरावा वर्तमानपत्रात मिळाला. मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त स्थानिक वर्तमानपत्रात छापावंच लागतं, आणि त्याबरोबर दिलेल्या बिलांची यादीसुद्धा. कोणाला, किती. डिझेल, खडी, छपाई, इमारतीची दुरुस्ती. आपल्या कीर्दीची जमेची बाजू झाकून फक्त खर्चाची बाजू पेपरात टाकली तर जशी दिसेल तशी ती दिसते. मी चष्मा लावून ती यादी वाचत बसायचो. मंडळी म्हणायच्या, "घरी असताना पेपरात निधन वार्ता वाचता, इथं बिलं वाचा." त्या यादीत मला काही घोटाळा सापडला नाही. सापडला असता तर मजा आली असती.

बैठकीलाही जाऊन आलो. कामाच्या दिवशी सकाळी असते, आणि विषयपत्रिका निदान २४ तास आधी लावावी लागते, कायदाच आहे. कोणीही जाऊन बसावं. आधी सगळे उभे राहून राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणतात. मग तिघे सुपरवायझर, ऑडिटरची माणसं, रस्त्यांचा इंजिनिअर. एका शेतकऱ्यानं आपल्या शेताजवळच्या रस्त्याखालच्या मोरीचा विषय काढला, पाणी तुंबतं म्हणाला. इंजिनिअरनं नकाशा पसरला, पाइप किती इंची आहे, किती जुना आहे ते सांगितलं, यंदाच्या यादीत आहे की पुढच्या ते सांगितलं. शेतकरी फारसा खूश झाला नाही पण उत्तर घेऊन गेला. आवाज कोणाचाच चढला नाही. मला जरा चुकल्यासारखं झालं. आमच्या ग्रामसभेत मोरीच्या विषयावर तीन पिढ्यांचा बांधाचा वाद निघतो, कोणाची म्हैस कोणाच्या शेतात गेली होती तिथपर्यंत जातो, आणि त्यातून गावाला कळायचं ते सगळं कळतं.

पण खुर्च्या रिकाम्या होत्या, हेही लिहायला हवं. माझ्यासकट श्रोते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घरी कागद येतो, पेपरात यादी येते, दार उघडं असतं, तरी माणसं येत नाहीत, फक्त मोरी तुंबली की येतात. माणूस इकडून तिकडून सारखाच.

रस्त्यांवर मात्र मी फार वेळ घालवला, कारण आमच्या केळी पट्ट्यातलं सगळ्यात मोठं दुखणं रस्ता हेच आहे. डांबरी नव्हे, शेतात जायचा. तिथली जमीन मोजली तीच चौकोनात. १७८५ च्या कायद्यानं सुरू झालेली पद्धत: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ चौरस मैल, एका चौरस मैलात ६४० एकर. बहुतेक ठिकाणी दर मैलाला एक रस्ता, सरळ, आखून दिल्यासारखा, आणि रस्त्याची हद्द साधारण ६६ फूट. आधी रेघा आखल्या, मग शेतं विकली, रस्ते त्या रेघांवरून. आपल्याकडं आधी शेतं झाली, मग माणसं वाढली, मग वाटण्या, आणि रस्ता म्हणजे दोन भावांच्या भांडणातून जे काय उरलं ते. गावनकाशावर पाणंद रेघेनं दाखवलेली असते, प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी बांध कोरत कोरत तिथून सायकलही जात नाही. पावसाळ्यात कापणी निघाली की घड डोक्यावर वाहून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावे लागतात. एक खांदेकरी घसरला की घडही गेला आणि माणसाचा पायही. रस्ता मोकळा करून मागायचा तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडं अर्ज करायचा. तो कायदा १९०६ चा आहे. अर्जाला तारीख पडते, तारखेला समोरचा येत नाही.

बूनमध्ये बरेचसे रस्ते खडीचे आहेत, डांबराचे नाहीत, हे बघून मला आधी धक्का बसला होता. अमेरिका म्हणजे सगळं गुळगुळीत असं आपल्या डोक्यात असतं. गाडीमागं धुळीचा लोट उठतो. पण त्या खडीवरून ठरावीक काळानं ग्रेडर फिरतो आणि खड्डे बुजवून जातो, आणि चाळीस टनी ट्रक मका घेऊन जातो. त्याहून भारी गोष्ट पुढं आहे. काही रस्त्यांच्या तोंडाला पिवळी पाटी असते: लेव्हल बी, किमान देखभाल, स्वतःच्या जबाबदारीवर जा. मंडळानं रीतसर ठराव करून सांगून टाकलेलं असतं की या रस्त्यावर वाहतूक कमी आहे, इथं आम्ही खडी टाकणार नाही, बर्फ काढणार नाही. त्याखाली लेव्हल सी सुद्धा आहे, तिथं फाटक असतं आणि लगतच्या जमीनमालकांनीच जायचं. मी जावयांना गाडी थांबवायला सांगितली आणि त्या पाटीचा फोटो काढला. चिखलात चाकोऱ्या उमटलेल्या, दोन्ही बाजूंनी गवत, हुबेहूब आमची पाणंद! फरक त्या पाटीचा. सरकार "आम्ही करणार नाही" असं लेखी सांगतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्याकडं कोणत्याही रस्त्याला "नाही" कधीच म्हणत नाहीत. प्रस्तावित आहे, आराखड्यात आहे, निधी आला की होईल. मी स्वतः असली उत्तरं टाइप केलेली आहेत. त्या पाटीला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

रेकॉर्डबद्दल आपण उगाच कमीपणा घेऊ नये. सातबारा आता आपल्याकडं मोबाइलवर फुकट बघायला मिळतो आणि १५ रुपयांत डिजिटल सहीचा निघतो. तिथंही असेसरच्या संकेतस्थळावर नकाशातल्या तुकड्यावर बोट ठेवलं की मालकाचं नाव येतं. पण त्याच्या खाली शेवटची विक्री किती डॉलरला झाली तेही येतं, कर किती, भरला की नाही तेही, आणि घर असेल तर घराचा फोटो. मातीची प्रत सुद्धा आकड्यात असते, शंभरपैकी अमुक. शेजाऱ्यानं जमीन कितीला घेतली हे तिथं चोरून ऐकावं लागत नाही. आपल्याकडं खरेदीखतातला आकडा आणि टपरीवरचा आकडा यांची कधी गाठच पडत नाही, त्यामुळं असं संकेतस्थळ काढलं तरी त्यात काय लिहिणार?

वादळाची गोष्ट विचारणारे जास्त निघाले, कारण आमच्याकडं मे-जूनमध्ये एका संध्याकाळी वारा सुटतो आणि वर्षाची बाग आडवी होते. तिथं १० ऑगस्ट २०२० ला सरळ रेषेत धावणारं वादळ आलं, डेरेचो म्हणतात, आणि ते दक्षिण डकोटापासून ओहायोपर्यंत १४ तासांत सातशे मैलांवर गेलं. बून त्याच्या वाटेतच होतं. मका जमिनीला लोळला, लुथर गावी धान्याच्या लोखंडी कोठ्या कागदासारख्या चुरगाळल्या. म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी फोटो दाखवले. मी माझ्या मोबाइलमधले मोडलेल्या केळीचे दाखवले. भाषेची अडचण आली नाही. मग विम्यावर विषय गेला. तिथं पिकाचा विमा केंद्राच्या अनुदानातला, विकणारा खासगी एजंट, आणि काउंटीचा त्याच्याशी संबंध नाही. शेतात माणूस येऊन नुकसान मोजतो. आपल्या केळीचा विमा हवामानावर: महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर किती तापमान, किती वारा नोंदला त्यावर ठरतं. तुमच्या शेतात काय झालं यापेक्षा यंत्राजवळ काय झालं ते महत्त्वाचं. ते ऐकून शेजारी म्हणाले, मग यंत्राजवळच शेती करायची. एवढा चांगला विनोद मी त्यांच्याकडून एकदाच ऐकला.

आता आक्षेप. पूर्तता कोणी करणार नाही, तरी नोंदवतो.

पहिला डुकरांचा. आयोवात माणसं बत्तीस लाख आणि डुकरं दोन कोटींवर. हजारो डुकरांचं बंदिस्त शेड तुमच्या घराजवळ यायचं असेल तर काउंटी त्याला सरळ नाही म्हणू शकत नाही. राज्यानं एक गुणपत्रक करून दिलंय, ८८० गुणांचं. ४४० मिळाले की पास. काउंटी गुण तपासून शिफारस करते, निर्णय राज्याच्या खात्याचा. एवढं सगळं निवडून आलेलं मंडळ, आणि गावाला सगळ्यात जास्त ज्याचा वास येतो त्यावर अधिकार नाही! हे मात्र ओळखीचं वाटलं. आमच्याकडंही अधिकार वर आणि वास खाली.

दुसरा पाण्याचा. ही जमीन मुळात दलदलीची. शेताखाली नळ्यांचं जाळं टाकून पाणी काढलं म्हणून ती पिकते. निचऱ्याचे जिल्हे केलेले आहेत, बहुतेक ठिकाणी त्यांचे विश्वस्त सुपरवायझरच. त्या नळ्यांतून खताचं नायट्रेट नदीत जातं. डेमॉइन शहराच्या पाणी खात्यानं २०१५ मध्ये तीन काउंट्यांच्या निचरा जिल्ह्यांवर दावाच लावला, तो २०१७ ला फेटाळला गेला. आम्ही होतो त्या जूनमध्ये डेमॉइनच्या परिसरात हिरवळीला पाणी घालायला बंदी केली होती, नायट्रेट काढायची यंत्रं पुरी पडेनात म्हणून. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात बोअर खाली खाली चाललेत आणि तिथं पाणी कसं घालवायचं ही चिंता. तरी दोन्हीकडं शेवटी एकच: शेतकऱ्याला बोलायची हिंमत कोणत्याच निवडून आलेल्या माणसात नाही.

तिसरा, दस्त नोंदवणाऱ्या रेकॉर्डरला पक्ष कशाला? मतपत्रिकेवर त्याच्या नावापुढंही रिपब्लिकन की डेमोक्रॅट ते असतं. खरेदीखत काय डावं-उजवं असतं का?

चौथा, आरक्षण नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. सुरुवातीला सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसायचे, मी पाहिलंय, शेऱ्यात लिहिलंयही. पण त्याच गावांत पुढं बाया स्वतः कीर्द उघडून मला प्रश्न विचारू लागल्या. हे तिथं मतदारांच्या मर्जीवर आहे. या एका बाबतीत रावेर पुढं आणि बून मागं.

आणि बस. गाडी चालवता येत नसेल तर तुम्ही तिथं घरातली कुंडी आहात. फोन करून आधी बोलवायची एक छोटी गाडी मिळते, पण वाटेत हात करून थांबणारी एसटी नाही. सौ. ना भाजी आणायला मुलीच्या सुटीची वाट बघावी लागायची, त्याचा त्यांना फार राग.

टपरीवरच्या शेवटच्या भांडणात नानांनी विचारलं, तिथं प्रशासक असतो का? नाही. मंडळाची मुदत संपते त्या आधी निवडणूक झालेली असते, ती ऑडिटर घेतो, तारीख ठरलेली. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि मी गेलो तेव्हाही प्रशासक होते, परत आलो तेव्हाही. वित्त आयोगाचा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा वाटा निवडून आलेलं मंडळ नसलं की अडकतो. यावर नाना काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "साडेसात कमी दिले मंग तू."

कमी नाही दिले. डुकरांचा एक, नायट्रेटचा एक, बसचा अर्धा.

मुला-मुलीकडं तिकडं जाणाऱ्या आपल्या भागातल्या आईबापांसाठी एवढंच: कोर्टहाऊसमध्ये जायला कोणाची चिठ्ठी लागत नाही, सोमवार ते शुक्रवार उघडं असतं, शनिवारी जाऊ नका. जुलैत काउंटीची जत्रा भरते, तिथं शाळकरी पोरं आपण वाढवलेली वासरं आणि डुकरं घेऊन येतात आणि परीक्षक त्यांना जनावरांबद्दल तोंडी प्रश्न विचारतो. आपल्या कृषी प्रदर्शनात मंत्र्यांची वाट बघण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा हे बरं. आणि जमलं तर सम वर्षाची ऑगस्टअखेर-सप्टेंबरची सुरुवात धरा. शेतीच्या यंत्रांचं मोठं प्रदर्शन, फार्म प्रोग्रेस शो, एक वर्ष इलिनॉयमध्ये आणि एक वर्ष बूनला असतं. सम वर्षी बून. आम्ही विषम वर्षी गेलो. जावयांनी रिकामं मैदान दाखवून आणलं.